विमान कुठे बदलावे?



गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच प्रश्नाची आहेत. मुलाला किंवा मुलीला युरोपातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, किंवा कर्ज काढून पाठवायचे ठरले आहे. आता तिकीट काढायचे. एक एजंट म्हणतो फ्रँकफुर्टवरून जा, दुसरा म्हणतो पॅरिसवरून स्वस्त पडते, तिसरा ॲमस्टरडॅमचे नाव घेतो. लासूर स्टेशनच्या एका ताईंनी लिहिले आहे, "भाऊ, आम्ही औरंगाबादच्या स्टँडवर गाडी बदलताना दहा जणांना विचारतो. ही नावं ऐकून तर डोकं गरगरतं. पोरगी एकटी जाणार आहे. कोणतं विमानतळ चांगलं ते सरळ सांगा."

ताई, स्टँडवर जे ध्यानात ठेवावे लागते तेच तिथेही लागते. देवगाव रंगारीहून निघालेला माणूस औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मध्यवर्ती बसस्थानकावर उतरतो. पुढची गाडी त्याच आवारातून असेल तर फलाट बदलला की झाले. ती सिडको बसस्थानकावरून असेल तर मग रिक्षा, सामान, कडेवर लेकरू आणि घाई. म्हणून जाणता माणूस आधीच विचारून ठेवतो: दुसरी गाडी कुठून सुटते, मध्ये वेळ किती, आणि चुकली तर रात्र कुठे काढायची? युरोपातल्या विमानतळांची पारख मी याच तीन प्रश्नांनी करतो. दुकाने किती, अत्तरे कोणती, सोफे किती मऊ यावर गुण देणारे पुष्कळ आहेत. आपल्या लेकराला त्याचा काही उपयोग नाही.

माझा स्वतःचा अनुभव एका फेरीचा आहे. भाच्याच्या पदवीदान समारंभाला मी आणि माझी थोरली बहीण लंडनला गेलो होतो. जाताना फ्रँकफुर्टला विमान बदलले, येताना ॲमस्टरडॅमला. बाकीचे ज्या पोरांचे अर्ज भरून देतो, ती पोचल्यावर फोन करून सांगतात त्यावरून कळले, आणि काही वाचून. कारकून माणसाला नियम वाचायची सवय असतेच.

पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्यासाठी माझी पसंती ॲमस्टरडॅमच्या विमानतळाला आहे. त्याचे नाव स्खिपोल. वर्षाला साडेसहा कोटींहून जास्त माणसे तिथून जातात, तरी इमारत एकच. सगळे एका छपराखाली. एका पंज्याला बोटे फुटावीत तसे गेटचे भाग फुटलेले आहेत आणि त्यांना अक्षरे दिलेली आहेत. मुंबईहून आलेले विमान कुठेही लागो, पुढच्या गेटला चालतच जायचे. बस नाही, आगगाडी नाही, "हे टर्मिनल नव्हे, ते टर्मिनल" हा घोळ नाही. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे, ठळक आणि थोडकी. ही पद्धत त्यांनी १९६७ साली सुरू केली. बेनो विसिंग नावाच्या माणसाने त्या पाट्या आखल्या आणि पुढे जगभरच्या विमानतळांनी तशाच पाट्या लावल्या. चालत किती मिनिटे लागतील हेही पाटीवर असते. इंग्रजी जेमतेम वाचता येणाऱ्यालाही आकडे आणि बाण कळतातच.

या विमानतळाची जागाही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिथे पूर्वी मोठे सरोवर होते. वाफेच्या पंपांनी पाणी उपसून ते १८५२ साली कोरडे केले. आज तिथली धावपट्टी समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३ ते ४ मीटर खाली आहे. आपण कन्नड-वैजापूरची माणसे टँकरची वाट पाहत उन्हाळा काढतो आणि तिकडे पाणी बाहेर फेकून राहतात! एक धावपट्टी इमारतीपासून फार लांब आहे. तिच्यावर उतरलात तर विमान खाली आल्यावरही दहा-पंधरा मिनिटे रस्त्याने चालल्यासारखे चालत राहते. माझी बहीण म्हणाली, "हा ड्रायव्हर आता विमान रस्त्यानेच घरी नेतो की काय?" घाबरायचे नाही, ते तसेच आहे.

तिथल्या पुरुषांच्या मुतारीत भांड्याच्या आत एक माशी रंगवलेली असते. वापरणारा नकळत तिच्यावर नेम धरतो आणि शिंतोडे बाहेर उडत नाहीत. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट वाटते, पण खाली वाकून फरशी पुसणाऱ्या माणसाचे काम हलके करण्यासाठी कोणीतरी डोके चालवले, हे मला फार आवडले. आपल्याकडे "स्वच्छता राखा" अशी पाटी लावली की व्यवस्थापन मोकळे होते.

पण स्खिपोल म्हणजे स्वर्ग नव्हे. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथल्या रांगा इमारतीबाहेर मंडपापर्यंत गेल्या होत्या. कोरोनाच्या काळात सुरक्षा तपासणी करणारे आणि सामान उचलणारे कामगार कमी झाले. मजुरी तुटपुंजी असल्यामुळे नंतर ते परत येईनात. विमाने सुटली, माणसे रांगेतच राहिली. शेवटी कामगार संघटनांशी करार करून त्या उन्हाळ्यापुरते तासाला सव्वापाच युरो जादा द्यावे लागले आणि सप्टेंबरमध्ये विमानतळाच्या प्रमुखाने राजीनामा दिला. काच आणि संगमरवर कितीही असो, बॅग उचलणारा आला नाही तर विमानतळ बंद पडतो.

फ्रँकफुर्टचे मत वेगळे. ज्या मुलाला जर्मनीतच शिकायचे आहे त्याला याच्यासारखे सोयीचे ठिकाण नाही, कारण लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक १९९९ पासून विमानतळालाच लागून आहे. विमानातून उतरा, सामान घ्या, गाडीत बसा. कोलोनला तासाभरात. परंतु केवळ विमान बदलण्यासाठी फ्रँकफुर्ट घेत असाल तर मध्ये वेळ भरपूर ठेवा. टर्मिनल १ मध्येच ए, बी, सी, झेड असे भाग आहेत, त्यांच्यामध्ये जमिनीखालून लांबलचक बोगदा आहे, आणि दुसऱ्या टर्मिनलला जायचे तर रुळावरून धावणारी बिनड्रायव्हरची छोटी गाडी आहे. विमान कंपन्या पाऊण तासाच्या अंतराचीही तिकिटे विकतात. ती तिकिटे रोज ये-जा करणाऱ्या साहेबांसाठी. आम्हाला दोन तास होते. बहिणीचे गुडघे धरलेले, तिला बोगद्यात दोनदा बसावे लागले, आणि गेटवर पोचलो तेव्हा माणसे आत सोडायला सुरुवात झाली होती. तीन तासांपेक्षा कमी वेळेचे तिकीट पहिल्या खेपेला घेऊच नये, हे माझे ठाम मत आहे.

फ्रँकफुर्टची आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. आसपासच्या वस्तीतल्या लोकांची झोपमोड होते म्हणून तिथे २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ ठरलेली विमाने उडत-उतरत नाहीत. लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले आणि न्यायालयाने ते मान्य केले. चांगलेच झाले. पण आपल्या दृष्टीने अर्थ असा, की संध्याकाळचे शेवटचे विमान चुकले तर सकाळपर्यंत मुक्काम. म्हणून तिथे विमान बदलायचे तर सकाळी पोचणारे तिकीट बघावे.

पॅरिसचे चार्ल्स द गॉल मी यादीत शेवटी ठेवतो. १९७४ साली सुरू झाले. टर्मिनल १ गोल आहे, मध्ये काचेच्या नळ्यांतून वर-खाली नेणारे सरकते जिने. चित्रात फार देखणे दिसते, प्रत्यक्षात गोल इमारतीत आपण कुठून आलो हेच माणूस विसरतो. टर्मिनल २ तर एक नाहीच. ए पासून जी पर्यंत सात तुकडे आहेत. त्यातल्या ई चे पुन्हा के, एल, एम असे तीन भाग, आणि जी एवढे लांब की तिथे बसने जावे लागते. टर्मिनलांमधली गाडी फुकट आहे हे खरे. पण तिकिटावर "पॅरिस ते पॅरिस" एवढेच दिसते, आणि "२-ई ते २-जी" हे बारीक अक्षरांत असते. तीच आपली मध्यवर्ती-सिडकोची गत! स्वस्त मिळते म्हणून पॅरिस घेणाऱ्याने टर्मिनलाची अक्षरे आधी बघून मग पैसे भरावेत.

याच विमानतळावर एक इराणी माणूस अठरा वर्षे राहिला. त्याचे नाव मेहरान करीमी नासेरी. निर्वासित असल्याची कागदपत्रे त्याच्याजवळ राहिली नाहीत. १९८८ साली तो टर्मिनल १ मध्ये अडकला, ना पुढे जाता येईना ना मागे. बाकड्यावर झोपायचा, तिथल्याच न्हाणीघरात तोंड धुवायचा, वही लिहायचा. २००६ साली आजारी पडून दवाखान्यात गेला तेव्हा ते राहणे सुटले. आयुष्याच्या शेवटी तो पुन्हा त्याच विमानतळावर येऊन राहिला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथेच वारला. अमेरिकेत त्याच्या हकिकतीवरून सुचलेला सिनेमाही निघाला. विमानतळावर माणूस उभा असतो तो कागदाच्या जोरावर, हे त्याच्या आयुष्यावरून कळते. म्हणून मी पोरांना सांगतो, मूळ कागद हातातल्या पिशवीत, झेरॉक्स बॅगेत, आणि तिसरी प्रत घरी आईजवळ. मोबाइलवर सगळे आहे असे म्हणू नये. ब्रिटनने तर जुलै २०२५ पासून बहुतेक विद्यार्थ्यांच्या पासपोर्टवर व्हिसाचे स्टिकर लावणेच बंद केले आहे, नोंद ऑनलाइन असते. मोबाइलची बॅटरी उतरली तर दाखवणार काय? छापून घ्या.

झुरिचबद्दल थोडक्यात. आटोपशीर, शांत आणि महाग. पाण्याखेरीज काही विकत घेऊ नये, आणि पाणीही नळाचे प्यावे. तिथे दूरच्या गेटांकडे नेणारी एक भुयारी गाडी आहे. तिच्यात बसले की गाईच्या हंबरण्याचा आणि गळ्यातल्या घंटांचा आवाज ऐकवतात. आपल्या तालुक्यातल्या एका पोराने घरापासून इतक्या दूर भुयारात गाय हंबरलेली ऐकली आणि त्याला रडू आले, असे त्याने मला सांगितले. स्विस लोकांना ते गंमत म्हणून वाटत असेल.

आणि आपल्याकडेच कामे रखडतात असा ज्यांचा समज आहे त्यांच्यासाठी बर्लिनचे सांगतो. तिथला नवा विमानतळ जून २०१२ मध्ये उघडणार होता. आग लागली तर धूर बाहेर काढणारी यंत्रणाच नीट बसली नव्हती. उद्घाटनाच्या काही आठवडे आधी ते ध्यानात आले. विमानतळ सुरू झाला ऑक्टोबर २०२० मध्ये. शिस्तीच्या जर्मन लोकांकडूनही आठ वर्षे गेली!

आता सर्वांत महत्त्वाचे. विमानतळ कितीही सोपा असला तरी तिकीट चुकीचे असेल तर काही उपयोग नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका मुलीला निरोप द्यायला मी मुंबईच्या विमानतळावर गेलो होतो. वडील गवंडीकाम करतात. पतसंस्थेतून कर्ज काढून तिकीट काढले होते. एजंटाने पैसे वाचवून देतो म्हणून एका कंपनीचे मुंबई ते युरोपातले एक शहर, आणि दुसऱ्या कंपनीचे तिथून ब्रिटन, अशी दोन वेगवेगळी तिकिटे दिली होती. काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिले आणि विचारले, मधल्या देशाचा व्हिसा कुठे आहे? दोन तिकिटे वेगळी, म्हणजे मधल्या शहरात सामान उतरवून घ्यायला बाहेर पडावे लागणार. बाहेर पडायचे तर त्या देशाचा व्हिसा हवा. तिच्याकडे फक्त ब्रिटनचा. विमानात घेतले नाही. काउंटरवरच्या बाईंचा त्यात दोष नव्हता, नियम तसाच आहे. मुलगी काचेच्या आत उभी, वडील बाहेर. त्यांना आत येऊ देत नव्हते, आणि फोनवर ते एकच विचारत होते, "पैसे गेले का गं?" गेले. चार दिवसांनी थेट विमानाचे तिकीट घेतले, त्याचे पैसे तिघा-चौघांनी मिळून उभे केले. आता ती मुलगी शिक्षण पूर्ण करून नोकरीला लागली आहे, पण ते कर्ज काल-परवापर्यंत फिटत होते.

म्हणून एजंटाला पहिला प्रश्न विचारायचा तो असा: "मुंबईपासून शेवटच्या ठिकाणापर्यंत तिकीट एकच आहे का, आणि बॅग थेट शेवटी मिळेल का?" तो तोंडी "हो" म्हणेल. तिकिटावर दाखवायला सांगा. आरक्षणाचा क्रमांक सगळ्या प्रवासाला एकच असला पाहिजे. दुसरा प्रश्न: "मध्ये विमान बदलायला व्हिसा लागतो का?" भारतीय पासपोर्टवर काही देश नुसते विमान बदलण्यासाठीही व्हिसा मागतात, काही मागत नाहीत, आणि हे नियम बदलत राहतात. तिकीट काढण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या वकिलातीकडून खात्री करावी. शेजारच्याचा मुलगा गेल्या वर्षी गेला होता, हा पुरावा नव्हे.

जर्मनी, फ्रान्स, हॉलंड, स्वित्झर्लंड अशा २९ देशांनी आपापसातली पासपोर्ट तपासणी काढून टाकली आहे. त्याला शेंगेन म्हणतात. याचा परिणाम असा, की मुंबईहून ॲमस्टरडॅममार्गे बर्लिनला जाणाऱ्या मुलाचा पासपोर्ट ॲमस्टरडॅमलाच तपासला जातो, बर्लिनला नाही. पासपोर्टच्या रांगेला वेळ लागतो, त्यामुळे त्याला मध्ये जास्त वेळ हवा. तिथे रांगा दोन प्रकारच्या असतात. युरोपवाल्यांची भराभर सरकते, बाकी जगाची मुंगीच्या पावलांनी. ऑक्टोबर २०२५ पासून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि चेहरा घेणारी नवी नोंद पद्धतही सुरू झाली आहे. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्यामुळे मुंबई-ॲमस्टरडॅम-लंडन जाणाऱ्याने ॲमस्टरडॅमला बाहेर पडायच्या रांगेत लागायचेच नाही. "ट्रान्सफर" लिहिलेल्या पाटीमागे जायचे. तिथे पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी होते.

एक फरक पोरांना बुचकळ्यात टाकतो. आपल्या स्टँडवर कंट्रोलर ओरडून सांगतो, "पुण्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुक." युरोपातल्या पुष्कळ विमानतळांवर प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. सगळे शांत. कोणी बोलावेल म्हणून बसून राहिलेल्याचे विमान निघून जाते. फलकाकडे लक्ष ठेवा, आणि विमानाचा क्रमांक हातावर लिहून ठेवायला लाजू नका.

विमान कंपनीमुळेच उशीर होऊन पुढचे विमान चुकले तर काय? इथे युरोपचा कायदा आपल्या बाजूने आहे. २००४ साली केलेला हा कायदा, क्रमांक २६१. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो लागू आहे. मुंबईहून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपातली असली तरच लागू होतो. प्रवास एका तिकिटावर असेल तर दुसरे विमान, वाट पाहताना जेवण, रात्र काढावी लागली तर राहण्याची सोय, हे कंपनीने द्यायचे. शेवटच्या ठिकाणी तीन तासांहून जास्त उशिरा पोचलात आणि कारण खराब हवामानासारखे हाताबाहेरचे नसेल, तर भरपाईही मिळते. साडेतीन हजार किलोमीटरांवरच्या प्रवासाला ती ६०० युरोपर्यंत आहे. आपली माणसे काउंटरवर हात जोडून "साहेब, काहीतरी करा" म्हणतात. तसे करू नये. "माझा हक्क कोणत्या नियमात आहे तो लिहून द्या," असे म्हणावे. कंपनीवर प्रवाशाला त्याचे हक्क लेखी देण्याची सक्ती आहे. बोर्डिंग पासाचा तुकडा मात्र फेकू नये. तोच पुढे पुरावा.

आईवडील मुलांना भेटायला जातात त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. त्यांच्यासाठी माझा सल्ला थेट विमानाचा. मुंबई ते लंडन नऊ-दहा तास, मध्ये काही बदलायचे नाही. चार-पाच हजार जास्त गेले तरी चालतील. चालणे जमत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्यावी. युरोपात २००६ च्या कायद्याने ही मदत विनामूल्य आहे, फक्त ४८ तास आधी कळवायचे. मुंबईत फेब्रुवारी २०२४ मध्ये ऐंशी वर्षांच्या एका प्रवाशाला खुर्ची वेळेवर मिळाली नाही, पत्नी खुर्चीत आणि ते शेजारी चालत निघाले, आणि पासपोर्ट तपासणीपाशी कोसळून वारले. कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. तेव्हा मागायला संकोच नको. पण इंग्रजी येत नाही एवढ्याच कारणासाठी धडधाकट माणसाने खुर्ची अडवू नये, हेही सांगतो. त्यासाठी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत नाव, विमान क्रमांक, कुठे जायचे ते शहर आणि मुलाचा फोन लिहून गळ्यात अडकवावे. माझ्या बहिणीने तसेच केले. "शाळेतल्या पोरासारखं दिसतं," म्हणत होती, पण दोनदा तिला त्याचाच उपयोग झाला.

खाण्याचे थोडेसे. १०० मिलिलिटरहून जास्त पाणी किंवा पातळ पदार्थ हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत. २००६ साली लंडनहून निघणाऱ्या विमानांत पातळ स्फोटके नेण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासूनचा हा नियम. काही विमानतळांवर नवी यंत्रे बसून तो सैल झाला आहे, पण दुसऱ्या विमानतळावर पकडतील, म्हणून रिकामी बाटली न्यावी आणि तपासणी झाल्यावर भरावी. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. साहेब असो की झाडूवाला, एकाच नळावर एकामागे एक बाटली भरतात, कोणी कोणाकडे वळून बघत नाही. तूप, पेढे, खवा, मटणाचे लोणचे देऊ नका. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेण्यास युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्येही बंदी आहे, काढून फेकून देतात. जवसाची चटणी, कुरडया, पापड खुशाल द्या.

राहिले लंडनचे हीथ्रो. वर्षाला आठ कोटींहून जास्त माणसे, टर्मिनल २, ३, ४ आणि ५. पहिले टर्मिनल २०१५ पासून बंद आहे, म्हणून एक नंबर शोधत बसू नये. विमान बदलण्यासाठी हे ठिकाण काही सोपे नाही, टर्मिनले लांब लांब आहेत. त्यांच्यामधली रेल्वे फुकट आहे एवढेच. पण लंडनलाच जायचे असेल तर आपल्या माणसाला याच्याइतका आधार दुसरीकडे नाही. कारण शेजारीच साउथॉल आहे. पंजाबी माणसांची जुनी कामगार वस्ती. हीथ्रोवर साफसफाई करणारे, ट्रॉल्या ओढणारे, खुर्ची ढकलणारे, जेवण भरणारे, यांत तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हिंदीत विचारले तर हिंदीत उत्तर मिळते. बहिणीची खुर्ची ढकलणाऱ्या बाईंनी तिच्याशी गुडघ्यांच्या औषधाची इतकी चर्चा केली की पासपोर्टची रांग कधी संपली ते कळले नाही.

या बायांचा इतिहासही माहीत असावा. ऑगस्ट २००५ मध्ये विमानात जेवण पुरवणाऱ्या गेट गुर्मे या कंपनीने सहाशेहून जास्त कामगारांना एका झटक्यात कामावरून काढले. त्यांत बहुतेक साउथॉलच्या पंजाबी बाया होत्या. त्यांच्या पाठिंब्यासाठी सामान चढवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या कामगारांनी काम थांबवले आणि ऐन सुट्टीत लाखभर प्रवासी अडकून पडले. वर्तमानपत्रांनी प्रवाशांचे हाल छापले. साडी आणि सलवार-कमीज घातलेल्या त्या बाया रस्त्याच्या कडेला फलक घेऊन उभ्या राहिल्या. काहींना काम परत मिळाले, पुष्कळांना मिळाले नाही.

हीथ्रोवरून शहरात जायला हीथ्रो एक्स्प्रेस नावाची गाडी आहे, पंधरा मिनिटांत पोचवते आणि खिसा रिकामा करते. मे २०२२ पासून एलिझाबेथ लाइन आहे, ती मधली. सर्वांत स्वस्त पिकॅडिली लाइन, निळ्या रंगाची, तासाभराची. आपल्या लोकांपैकी बरेच जण लंडनला गेल्यावर पहिल्यांदा बाबासाहेबांचे घर बघायला जातात. पत्ता १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले, आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले. त्यासाठी पिकॅडिली लाइनने लेस्टर स्क्वेअरला उतरायचे, तिथून काळ्या रंगाची नॉर्दर्न लाइन घ्यायची. ही लाइन पुढे फुटते, म्हणून डब्यावर "एजवेअर" लिहिलेले पाहूनच चढायचे. चॉक फार्म स्टेशनला उतरून तिथून पायी जाता येते. घर उघडे असण्याचे दिवस आणि वेळा आधी विचारून घ्याव्यात, आणि मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नये. रस्ता राहत्या वस्तीचा आहे, सामान ठेवायची सोय नाही.